फ्रीझरमधली निकोटीनची बाटली

पत्र :

ताई, नमस्कार. मी नेरुळला राहतो, वय ३८. मर्चंट नेव्हीत इंजिनीअर आहे, त्यामुळे वर्षातले निम्मे दिवस बोटीवर. पूर्वी रोज पाकीटभर सिगारेट ओढायचो. २०१८ मध्ये परदेशातून व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, आणलं आणि तेव्हापासून सिगारेटला हात लावलेला नाही. लिक्विड मी घरीच मिक्स करतो. तेव्हाच पीजीमधलं (प्रोपिलीन ग्लायकॉल या द्रवात मिसळलेलं) १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं एक लिटर निकोटीन आणलं होतं, त्यातलं अर्धं अजून आहे. मूळच्या तपकिरी काचेच्या बाटलीत, फ्रीझरमध्ये ठेवतो. ग्लिसरीन आणि फ्लेवरसाठी एसेन्स ठाण्याला जांभळी नाक्याच्या बाजारातून सुट्टं घेतो. रोज साधारण ५ मिली, ६ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं मिक्स ओढतो. आता बाटलीतला रंग पिवळसर झालाय. हे आणखी पाच वर्षं टिकेल का? दुसऱ्या बाटलीत काढू का? पुढच्या काँट्रॅक्टवरून येताना आणखी एक लिटर आणून ठेवावं का? घरात बायको, आई आणि तीन वर्षांची मुलगी आहे. आईने बाटलीबद्दल विचारलं तेव्हा 'माझं औषध आहे' एवढंच सांगितलं. बायकोला व्हेप माहीत आहे, बाटलीत किती काय आहे ते माहीत नाही. – नेरुळचा एक वाचक

उत्तर :

नमस्कार. पत्रात आकडे नीट दिलेत, त्याबद्दल आभार. त्यामुळे मलाही नेमकं बोलता येईल. मी बरीच वर्षं रबाळ्याच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये काढली, तेव्हा रसायन टिकवण्याचा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. आधी त्याचंच उत्तर देते, कारण तुम्ही तेच विचारलंय आणि ते टाळून उपदेश करणं मला पटत नाही.

ताजं निकोटीन पाण्यासारखं स्वच्छ असतं. ऑक्सिजन, उजेड आणि उष्णता या तिघांमुळे ते बिघडतं. ऑक्सिजनशी संयोग होऊन त्यातून कोटिनीन, मायोस्मिन, निकोटीन-एन-ऑक्साइड अशी संयुगं तयार होतात. रंग आधी फिकट पिवळा, मग चहासारखा आणि शेवटी गडद तपकिरी होतो. सोबत वासाला उग्रपणा येतो, ओढताना घसा खवखवतो. गारठ्यात ही सगळी प्रक्रिया फार मंद होते, म्हणून उणे १८ अंशांचा फ्रीझर ही योग्य जागा. पीजी उणे ५९ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे तुमची बाटली फ्रीझरमध्येही वाहती राहते. व्हीजीमधलं, म्हणजे ग्लिसरीनमधलं, निकोटीन असतं तर ते इतकं घट्ट झालं असतं की मोजून काढण्याआधी बाटली बराच वेळ बाहेर ठेवून हलवावी लागली असती.

काच निवडलीत हेही बरोबर. मऊ प्लॅस्टिकमधून हवा हळूहळू झिरपते. झाकणाच्या आत शंकूसारखं अस्तर असलं तर ते बाटलीच्या तोंडात घट्ट बसतं. ड्रॉपरचं रबरी बोंडूक लावून मात्र निकोटीन कधीच साठवू नये, रबर खराब होतं आणि हवाही आत येते.

आता तुमच्या बाटलीचं दुखणं. एक लिटरच्या बाटलीत अर्धा लिटर द्रव म्हणजे उरलेला अर्धा लिटर हवा, आणि दर वेळी झाकण उघडलं की ती हवा नवी होते. पिवळेपणा बहुतेक तिथूनच आलाय. लॅबमध्ये आम्ही अशा नाजूक मालाच्या लहान लहान बाटल्या काठोकाठ भरायचो, वरच्या जागेत नायट्रोजन सोडायचो आणि एका वेळी एकच बाटली फोडायचो. दुसरी गोष्ट दमट हवेची. जुलैच्या दिवसांत नेरुळमध्ये फ्रीझरमधून काढलेली बाटली ओट्यावर ठेवली की दोन मिनिटांत बाहेरून ओली होते. त्याच क्षणी झाकण उघडलं तर तेच पाणी आतही जमतं, आणि निकोटीन पाणी शोषून घेणारं आहे. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग उघडायची. हल्लीच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ साचू नये म्हणून आतलं हीटर अधूनमधून चालू होतं, तेव्हा दारालगतची जागा टाळलेली बरी. शिवाय महावितरणने दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट घालवली की फ्रीझरचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की हो, थंडीत, अंधारात, हवेविना ठेवलं तर हे द्रव आणखी काही वर्षं निकोटीन म्हणून टिकेल. फिकट पिवळा रंग आला म्हणजे ते वाया गेलं असं नाही. आणि ते निरुपद्रवी झालं असंही अजिबात नाही. रंगावरून ताकद कळत नाही. ती मोजायला टायट्रेशन, म्हणजे लॅबमधली रासायनिक चाचणी, लागते.

हे सगळं सांगूनही माझा सल्ला असा आहे की ही बाटली तुमच्या घरात पाच वर्षं तर सोडाच, पाच आठवडेसुद्धा राहू नये. आणि नवी तर येऊच नये.

हिशेब करून बघा. अर्धा लिटर, दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅम निकोटीन तुमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटाशेजारी आहे. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत मोठ्या माणसाला ३० ते ६० मिलिग्रॅम निकोटीन जीवघेणं ठरतं असं छापलेलं असे. २०१४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाचे बर्न्ड मायर यांनी तो आकडा कुठून आला ते शोधून काढलं आणि तो फार कमी धरलेला आहे, खरा आकडा अर्ध्या ग्रॅमच्या वर असावा, असं मांडलं. आपण मायर यांचा सौम्य आकडाच धरू. अर्धा ग्रॅम म्हणजे तुमच्या बाटलीतले ५ मिलिलिटर, चहाचा एक चमचा. तो झाला मोठ्या माणसाचा. तीन वर्षांच्या मुलीचं वजन तेरा-चौदा किलो धरलं तर त्याचा पाचवा हिस्सा, एक मिलिलिटर. ड्रॉपरमधून पडलेले वीसेक थेंब. हा मारक मात्रेचा अंदाज झाला. आजारी पडायला याहून खूपच कमी पुरतं. पहिल्यांदा तंबाखू लागलेला माणूस कसा घामाघूम होऊन भिंत धरून बसतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्या पोटात गेलेलं निकोटीन काही मिलिग्रॅमच असतं.

आणि हे पोटातूनच जातं असं नाही. निकोटीन त्वचेतून शिरतं. हातावर सांडलेलं पुसून टाकलं म्हणजे झालं, असं होत नाही.

ज्या देशांत व्हेप कायदेशीर आहे तिथेही या ताकदीचं द्रव घरात ठेवण्याबद्दल कायदे सावध आहेत. युरोपीय संघात २०१६ पासून ग्राहकाला विकायच्या बाटलीत २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही आणि बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी असू शकत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एका वर्षाच्या बाळाचा द्रव निकोटीनमुळे मृत्यू झाला. जानेवारी २०१६ मध्ये तिथे मुलांना उघडता येणार नाही अशा झाकणाची सक्ती करणारा कायदा आला. तुमच्या बाटलीवर तसं झाकण असेलही. पण तुमच्या घरात मला मुलीइतकीच आईची काळजी वाटते.

तुम्ही आईला 'औषध' म्हणालात. तिच्या दृष्टीने तपकिरी काचेची बाटली, मुलाने जपून थंडीत ठेवलेली, म्हणजे औषधच. तुम्ही सहा महिने बोटीवर आहात. एखाद्या दिवशी लाईट जाते, बायको फ्रीझर रिकामा करते, खोवलेला खोबऱ्याचा डबा, सुरमईच्या तुकड्या आणि ही बाटली असं सगळं ओट्यावर येतं. आई ती बाटली उचलून औषधांच्या ट्रेमध्ये ठेवते. यात कुणाचीही चूक नाही. तिला जे सांगितलं गेलं त्याप्रमाणे ती वागली. पुढे खोकल्याची बाटली समजून ती कुणी उघडली तर तिथे काय आहे हे सांगणारा माणूस सिंगापूरच्या पुढे समुद्रात असेल.

म्हणून आजच, हे वाचून झाल्यावर, आई आणि बायको दोघींना समोर बसवून खरं सांगा. बाटलीवर मोठ्या मराठी अक्षरांत 'विष – निकोटीन – पिऊ नये, हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवा आणि बाटली खाद्यपदार्थांच्या फ्रीझरमधून काढा. जाड झिपच्या पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, डबा कुलपाच्या कपाटात, मुलीच्या हाताच्या वर. रंग बदलेल, बदलू दे. हे काही दिवसांपुरतंच आहे. दुसऱ्या बाटलीत ओतू मात्र नका. घरच्या ओट्यावर अर्धा लिटर ओतताना सांडण्याचा धोका त्यातून मिळणाऱ्या फायद्यापेक्षा मोठा आहे.

दोघींना हेही सांगून ठेवा. अंगावर सांडलं तर भिजलेले कपडे लगेच काढायचे आणि भरपूर पाण्याने, साबणाने धुवायचं. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहतं पाणी. पोटात गेलं, किंवा गेल्याची शंका जरी आली, तर उलटी करवायची नाही, मीठपाणी पाजायचं नाही, लक्षणं दिसण्याची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्यायचं आणि बाटली सोबत न्यायची, म्हणजे डॉक्टरांना ताकद वाचता येईल. लाळ गळणं, उलट्या, चेहरा पांढरा पडणं, घाम, थरथर ही सुरुवात असते. पुढे झटके येतात, श्वास मंदावतो. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११६ ११७ आहे. तो फ्रिजच्या दारावर लिहून ठेवा.

आता कायदा. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने ई-सिगारेटवर बंदीचा वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात हे सगळं त्यात येतं. आयातीसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्याच्या व्याख्येत यंत्राचा उल्लेख आहे, द्रवाचा नाही, असं तुम्हाला कुणीतरी ऐकवेल. तो युक्तिवाद वकिलाने कोर्टात करायचा असतो, तुम्ही कस्टमच्या टेबलासमोर उभं राहून नाही. ज्याची रोजीरोटी पासपोर्ट, व्हिसा आणि सीडीसीवर (बोटीवरच्या नोकरीच्या नोंदपुस्तिकेवर) चालते त्याने एका बाटलीपायी स्वतःवर गुन्हा ओढवून घेऊ नये. शिवाय तुमचाच हिशेब बघा : रोज ५ मिली, ६ मिलिग्रॅमचं, म्हणजे ३० मिलिग्रॅम, म्हणजे मूळ द्रव दिवसाला ०.३ मिली. अर्धा लिटर सोळाशे दिवसांहून जास्त पुरेल. त्यावर आणखी एक लिटर आणायचं कशासाठी? मला वाटतं ते गरजेपोटी नाही, संपण्याच्या भीतीपोटी आहे. त्या भीतीकडे मी खाली येते.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सुट्ट्या ग्लिसरीनबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले, कारण त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ते ग्लिसरीन रुग्णालयाच्या खरेदीतून, औषध म्हणून आलेलं होतं. तुम्ही आणता ते कॅनमधून बाटलीत ओतून दिलेलं, बॅच नंबर नाही, ग्रेड नाही, चाचणीचा कागद नाही. डायएथिलिन ग्लायकॉल दिसायला तसंच, चवीला तसंच गोड. नाकाला, जिभेला फरक कळत नाही. मी स्वतः लॅबमध्ये असताना कागदाशिवाय आलेला ड्रम दारातच थांबवायचे.

एसेन्सचंही तसंच. श्रीखंडात दोन थेंब टाकायला जे चालतं ते तापवून फुप्फुसात ओढायला चालतं असं नाही. काही एसेन्स तेलात विरघळवलेले असतात आणि तेल फुप्फुसात साठलं की एक वेगळाच न्यूमोनिया होतो. अमेरिकेत २०१९ च्या उत्तरार्धात व्हेपिंगमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ माणसं रुग्णालयात गेली आणि ६८ दगावली. त्यातल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काचं बेकायदा लिक्विड ओढलेलं होतं आणि त्यात ई जीवनसत्त्वाचं तेलकट संयुग मिसळलेलं होतं. तुमच्या मिक्समध्ये ते नाही. पण जे खाल्लेलं चालतं तेच श्वासात जीवघेणं ठरतं, हे तिथे सिद्ध झालं. ग्लिसरीन आणि एसेन्स दोन्ही आजपासून बंद करा.

बाटलीची विल्हेवाट. बेसिनमध्ये, कमोडमध्ये ओतू नका. निकोटीन एके काळी कीटकनाशक म्हणून फवारलं जायचं, मासे आणि पाण्यातले जीव त्याने मरतात, आणि आपलं सांडपाणी शेवटी ठाण्याच्या खाडीकडेच जातं. २०२२ मध्ये त्या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय. भंगारवाल्याला बाटली देऊ नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात हातमोजे असतीलच असं नाही. आधी एका फौजदारी वकिलाला भेटा आणि सगळं खरं सांगा. ज्यांच्याकडे बंदीआधीचा साठा होता त्यांनी तो विनाविलंब अधिकृत अधिकाऱ्याकडे जमा करावा, अशी तरतूद कायद्यातच आहे, आणि पोलिसांत हा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे. इतक्या उशिरा ते कसं करायचं, लेखी काय द्यायचं, हे वकील सांगतील. महापे आणि तळोजा इथे घातक कचऱ्याचे प्रकल्प आहेत, पण ते कारखान्यांसाठी आहेत. एकट्या माणसाची बाटली ते परस्पर घेतील असं धरून चालू नका. त्या वाटेने जायचंच झालं तर महापालिकेच्या घनकचरा विभागामार्फत, घरगुती घातक कचरा म्हणून.

आता त्या भीतीबद्दल. तुमच्या पत्रात ती कुठे लिहिलेली नाही, पण आणखी एक लिटर आणू का, या वाक्यात मला ती दिसली. बाटली संपली तर पुन्हा सिगारेट हातात येईल, हीच ना? ही भीती खरी आहे आणि मी तिला कमी लेखत नाही. पाकीटभर सिगारेट सोडून इतकी वर्षं काढलीत, ही मोठी गोष्ट आहे. सिगारेटचा धूर व्हेपपेक्षा जास्त घातक आहे, यातही वाद नाही. म्हणून मी तुम्हाला उद्या सगळं एकदम बंद करा असं सांगत नाही. निकोटीन दुसऱ्या वाटेने घ्या, आणि मग ते उतरवत आणा.

दोन मिलिग्रॅमची निकोटीन गम आपल्याकडे केमिस्टकडे चिठ्ठीशिवाय मिळते. पॅच आहेत, व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या आहेत, त्या डॉक्टरांनी द्यायच्या. डॉक्टरकडे जाताना तुमचा तो ३० मिलिग्रॅमचा आकडा घेऊन जा. फारच थोड्या माणसांना आपण रोज किती निकोटीन वापरतो ते सांगता येतं. तो सगळा रक्तात जात नाही, पण किती ताकदीच्या गमने सुरुवात करायची हे ठरवायला त्याचा उपयोग होतो. सकाळी उठल्यावर किती वेळात पहिला झुरका घेता, हेही सांगा. गमची एक गोष्ट बहुतेकांची चुकते. ती च्युइंगगमसारखी सतत चावायची नसते. हळू चावायची, तिखटपणा जाणवला की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायची, चव गेली की पुन्हा चार-पाच वेळा चावायची. अशी अर्धा तास. तिच्या आधीची पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा-कॉफी नको, कारण आंबट किंवा आम्ल पेयाने निकोटीन गालातून शोषलं जात नाही. 'गम घेतली पण काहीच झालं नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण हातात चहाचा कप घेऊन चावत असतात.

राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा नंबर १८०० ११ २३५६ आहे, फुकट आहे, तिथे समुपदेशक बोलतात आणि पुढे स्वतःहून फोन करून चौकशीही करतात. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला की मोबाइलवर मदतीचे मेसेज सुरू होतात. हे दोन्ही तुम्ही घरी असतानाच सुरू करा, समुद्रात रेंज नसते.

तुमची अवघड वेळ कुठली, ते तुम्हीच जाणता. इंजिन रूममधली वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपवून वर आल्यावरची, असा माझा अंदाज. निघण्याआधी डॉक्टरकडून पूर्ण काँट्रॅक्टला पुरेल इतक्या गम-पॅचची चिठ्ठी घ्या, चिठ्ठीची एक प्रत बॅगेत आणि एक औषधपेटी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे द्या, आणि वॉचनंतरची पहिली गम खिशात ठेवूनच खाली उतरा.